देशाचा बाजार आणि आपल्या परिसराचा भाव : घर घेण्या-विकण्यापूर्वी आकडे कसे वाचावेत

दर तिमाही संपली की देशातल्या घरांच्या विक्रीबद्दल बातम्या येतात. त्या वाचून घर शोधणारा घाईला येतो, आणि ज्याने घर विकायला काढले आहे तो एकतर भाव वाढवून सांगतो किंवा धीर सोडतो. असे करण्यापूर्वी २०२४ या एकाच वर्षाचे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. अ‍ॅनारॉक या सल्लागार संस्थेच्या अहवालानुसार त्या वर्षी सात मोठ्या शहरांत सुमारे ४.६० लाख घरे विकली गेली आणि आदल्या वर्षाच्या तुलनेत विक्री ४ टक्क्यांनी घटली. नाइट फ्रँक या दुसऱ्या संस्थेच्या अहवालानुसार आठ शहरांत सुमारे ३.५१ लाख घरे विकली गेली आणि विक्री ७ टक्क्यांनी वाढली. शहरे एकाने जास्त धरली आणि घरे मात्र कमी मोजली. एकाची घट, तर दुसऱ्याची वाढ. दोघांपैकी कोणी खोटे बोलत आहे असे मानण्याचे कारण नाही. शहराची हद्द कुठवर धरायची, कोणते प्रकल्प मोजायचे आणि विक्री केव्हा झाली असे समजायचे, याचे प्रत्येक संस्थेचे गणित वेगळे असते. म्हणून दोन संस्थांचे आकडे एकमेकांशी ताडू नयेत. ताडायचेच असतील तर एकाच संस्थेचे सलग चार-पाच वर्षांचे अहवाल घ्यावेत.

या लेखात मांडलेली पद्धत अशी आहे की देशपातळीवरच्या बातम्यांतून फक्त पैशाची स्थिती वाचावी, म्हणजे व्याजदर, कर्जाचे नियम आणि कर. भाव मात्र आपल्या तालुक्याच्या दस्तनोंदणीतून स्वतः काढावा. व्याजदर सगळ्या देशाला साधारण सारखा लागू होतो. घराचा भाव मात्र कोथरूडचा वेगळा, वाघोलीचा वेगळा आणि एकाच रस्त्याच्या दोन बाजूंचाही वेगळा असू शकतो.

देशाचा भावनिर्देशांक कितपत कामाचा

घरांच्या भावाचे दोन सरकारी मापक आहेत. रिझर्व्ह बँक दर तिमाहीला निवडक मोठ्या शहरांतील नोंदणी कार्यालयांच्या माहितीवरून गृहकिंमत निर्देशांक काढते. राष्ट्रीय आवास बँक ‘रेसिडेक्स’ या नावाने ५० शहरांचा निर्देशांक देते. त्यात एक आकडा कर्ज देताना बँकांनी केलेल्या मूल्यांकनावरून आणि दुसरा बांधकाम चालू असलेल्या घरांच्या बाजारभावावरून काढलेला असतो. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांकानुसार २०२४-२५ मध्ये देशभरातली वार्षिक भाववाढ ३ ते ४ टक्क्यांच्या आसपास होती. त्याच सुमारास खासगी अहवालांत सात शहरांच्या सरासरी भावात २१ टक्के वाढ झाल्याचे छापून येत होते.

एवढा फरक पडण्याचे कारण समजून घेतले पाहिजे, कारण बिल्डरच्या कार्यालयात ग्राहकाला नेहमी मोठाच आकडा ऐकवला जातो. खासगी अहवालांतला भाव हा बहुतांशी नव्या प्रकल्पांत सांगितला जाणारा भाव असतो, आणि करोनानंतरच्या वर्षांत नव्या प्रकल्पांमध्ये महागड्या, मोठ्या घरांचे प्रमाण वाढत गेले, तर ५० लाखांखालच्या घरांचे घटत गेले. महाग घरे जास्त बांधली गेली की सरासरी आपोआप चढते. त्यामुळे तुमच्या पंधरा वर्षांच्या इमारतीतला दोन खोल्यांचा फ्लॅटही तितकाच महागला असे होत नाही. उलट नोंदणीवर आधारलेल्या निर्देशांकात जुनी-नवी सर्व घरे येतात, पण दस्तात लिहिलेली किंमतच मोजली जाते आणि ती मागाहून येते. खरे चित्र या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी असते. सरकारी निर्देशांकाचा खरा उपयोग आपल्या शहराच्या पाच-सात वर्षांच्या चालीची महागाईशी तुलना करण्यासाठी होतो. २०१३ नंतरची सहा-सात वर्षे अनेक शहरांत घरांचे भाव महागाईइतकेही वाढले नाहीत, ही गोष्ट आजच्या तेजीत सहज विसरली जाते.

व्याजदराची वाट पाहावी का

देशपातळीवरचा जो आकडा थेट आपल्या खिशापर्यंत पोहोचतो तो रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने अल्पमुदतीचे कर्ज देते तो दर. मे २०२० मध्ये तो ४ टक्के होता. मे २०२२ पासून वाढत वाढत फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५० टक्क्यांवर गेला, दोन वर्षे तिथेच राहिला आणि २०२५ मध्ये फेब्रुवारी ते डिसेंबरदरम्यान टप्प्याटप्प्याने ५.२५ टक्क्यांवर आला. १ ऑक्टोबर २०१९ नंतर बँकांनी दिलेली बदलत्या व्याजाची गृहकर्जे बाह्य मापदंडाशी, बहुधा रेपो दराशी, जोडलेली आहेत आणि त्यांचा दर किमान तीन महिन्यांतून एकदा बदलावा लागतो. गृहवित्त कंपन्यांना मात्र हे बंधन नाही. त्या स्वतःच्या मूळ दरावर कर्ज देतात. त्यामुळे दोन ठिकाणी आज सारखाच दर सांगितला गेला, तरी पुढे कपातीचा लाभ किती लवकर मिळेल यात फरक पडतो. कर्ज मंजूर करून घेताना आजच्या दराइतकाच हा प्रश्न स्पष्टपणे विचारावा.

‘व्याज आणखी उतरेल, मग घेऊ’ हा विचार आकड्यांत मांडून पाहावा. ५० लाखांच्या २० वर्षांच्या कर्जाचा हप्ता ८.५ टक्क्यांनी ४३,३९१ रुपये येतो, तर ७.५ टक्क्यांनी ४०,२८० रुपये. म्हणजे व्याज पूर्ण एक टक्क्याने उतरले तर महिन्याला सुमारे ३,१०० रुपये वाचतात. पण त्या काळात घराची किंमत आणि त्यामुळे कर्जाची रक्कम पावणेआठ टक्क्यांनी वाढली, तर हप्ता पुन्हा तितकाच होतो. शिवाय स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम आणि मुद्रांक शुल्क वाढते ते वेगळेच. आज घेतलेल्या बदलत्या दराच्या कर्जाला उद्याच्या कपातीचा लाभ मिळतोच, आणि वैयक्तिक गृहकर्जाच्या बदलत्या दरावर मुदतपूर्व परतफेडीचा दंडही आकारता येत नाही. म्हणून व्याजासाठी थांबण्यात सहसा अर्थ नसतो. भावासाठी थांबण्यात अर्थ असू शकतो. पण त्यासाठी तुमच्या भागातला माल पडून आहे की नाही हे आधी माहीत हवे.

व्याज वाढते तेव्हाची एक गोष्ट लक्षात ठेवावी. २०२२-२३ मध्ये अनेकांचे हप्ते तेवढेच राहिले, पण कर्जाची मुदत गुपचूप लांबली. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सूचना काढली की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे, याचा पर्याय बँकेने कर्जदाराला द्यावा. हा पर्याय लेखी मागावा, नाहीतर मुदतच वाढते.

आपल्या भागाचा खरा भाव : इंडेक्स टू

महाराष्ट्रात भाव काढण्याचे सर्वांत भरवशाचे साधन फुकट उपलब्ध आहे, आणि आश्चर्य म्हणजे लाखो रुपयांचा व्यवहार करणारी बरीच माणसे ते उघडूनही पाहत नाहीत. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ‘ई-सर्च’ची विनामूल्य सोय आहे. मुंबई की उर्वरित महाराष्ट्र, वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि मिळकत क्रमांक भरला की त्या क्रमांकावर त्या वर्षी नोंदवलेल्या दस्तांची यादी येते, आणि प्रत्येकाची सूची क्रमांक २, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला ‘इंडेक्स टू’, पाहता येते. मिळकत क्रमांक म्हणजे सर्व्हे क्रमांक किंवा सिटी सर्व्हे क्रमांक. इमारतीचा क्रमांक ठाऊक नसेल तर तो महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या, नोंदणीपानावर किंवा शेजाऱ्याच्या करारनाम्यात मिळतो. संकेतस्थळ कधी कधी बराच वेळ अडून बसते. अशा वेळी रात्री उशिरा किंवा पहाटे प्रयत्न करावा.

इंडेक्स टूमध्ये पहिल्या ओळीत विलेखाचा प्रकार असतो. तिथे ‘करारनामा’ किंवा ‘सेल डीड’ असेल तरच तो दस्त आपल्या हिशोबात धरावा. बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र आणि गहाणखत बाजूला काढावे, कारण त्यांतली रक्कम बाजारभाव सांगत नाही. दुसऱ्या ओळीत ‘मोबदला’, म्हणजे प्रत्यक्ष ठरलेली किंमत. तिसऱ्या ओळीत ‘बाजारभाव’, आणि इथेच अनेकांची फसगत होते: तो शासनाच्या वार्षिक दरतक्त्यानुसार, म्हणजे रेडी रेकनरनुसार, काढलेला आकडा असतो; बाजाराचा नव्हे. चौथ्या ओळीत मजला, फ्लॅट क्रमांक, सर्व्हे क्रमांक आणि बहुधा पार्किंगचा उल्लेख, पाचव्या ओळीत क्षेत्रफळ, नवव्या ओळीत दस्त करून दिल्याची तारीख आणि दहाव्या ओळीत नोंदणीची तारीख.

समजा, एका दस्तात मोबदला ९२,००,००० रुपये आणि क्षेत्रफळ ५४.२० चौरस मीटर आहे. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट, तेव्हा क्षेत्रफळ ५८३ चौरस फूट आणि दर सुमारे १५,७७० रुपये झाला. पण हे क्षेत्रफळ कार्पेट (भिंतींच्या आतले वापरायचे) आहे की बिल्ट-अप (भिंती वगैरे धरून), हे चौथ्या ओळीतल्या मजकुरातून तपासले पाहिजे. जुन्या दस्तांत बिल्ट-अप लिहिण्याची पद्धत होती आणि ते कार्पेटच्या साधारण १.२ पट धरले जाई. वरचे क्षेत्रफळ बिल्ट-अप निघाले, तर कार्पेट ४८६ चौरस फूट आणि दर १८,९२० रुपयांच्या घरात जातो. एवढ्या एका चुकीने एखादा फ्लॅट स्वस्त वाटतो आणि एखादा महाग. पार्किंग किमतीत धरले आहे की नाही, हेही याच ओळीत दिसते. मुंबई-ठाण्यात त्याने काही लाखांचा फरक पडतो.

एका दस्तावरून काहीच ठरवू नये. त्याच इमारतीचे आणि आजूबाजूच्या दोन-तीन इमारतींचे गेल्या वर्षभरातले आठ-दहा दस्त काढावेत, कार्पेटचा दर लिहावा, सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा सोडून द्यावा आणि उरलेल्यांचा पट्टा पाहावा. यात दोन धोके आहेत. पहिला, नव्या प्रकल्पातला करारनामा बुकिंगनंतर काही महिन्यांनी नोंदवला जातो, म्हणून त्यातला भाव त्या तारखेचा नसून थोडा आधीचा असतो. दुसरा, मोबदला आणि रेडी रेकनरचा आकडा जवळजवळ तंतोतंत जुळत असेल, तर किमतीचा काही भाग रोखीने दिला गेला असण्याची शक्यता असते आणि तो दस्त भाव सांगायला निरुपयोगी ठरतो. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारणे प्राप्तिकर कायद्याला मान्य नाही. त्यातून कर्ज कमी मिळते आणि पुढे विकताना खरेदीची किंमत कमी दिसून कर जास्त बसतो. दलाल हे सांगत नाही, कारण त्याचा संबंध व्यवहार होईपर्यंतच असतो.

इतर राज्यांत नावे वेगळी आहेत. रेडी रेकनरला दिल्लीत सर्कल रेट आणि कर्नाटकात गाइडन्स व्हॅल्यू म्हणतात. गोवा, कर्नाटक आणि तमिळनाडूमध्ये मागील व्यवहार व बोजे पाहण्यासाठी एन्कम्ब्रन्स सर्टिफिकेट काढतात. बंगळूर किंवा हैदराबादला नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या मराठी माणसाने पुण्याच्या सवयीने व्यवहार करू नये. शुल्कही वेगळे असते. कर्नाटकाने ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस नोंदणी फी १ टक्क्यावरून २ टक्के केली, तर महाराष्ट्रात ती १ टक्का, पण कमाल ३०,००० रुपये आहे.

नव्या प्रकल्पात किती माल उरला आहे

एखाद्या भागात घासाघीस करता येईल की नाही, हे उरलेल्या मालावरून कळते. देशाचा आकडा वर्तमानपत्रात येतो, पण त्याचा तुम्हाला उपयोग नाही. रेरा कायदा १ मे २०१७ पासून पूर्ण लागू झाला, आणि महारेराच्या संकेतस्थळावर प्रत्येक नोंदणीकृत प्रकल्पाची तिमाही माहिती विकासकाला भरावी लागते: एकूण सदनिका, नोंदवलेल्या सदनिका, बांधकामाची प्रगती, पूर्णत्वाची मूळ आणि सुधारित तारीख, चालू दावे. भूखंड ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा नसेल किंवा सदनिका आठपेक्षा जास्त नसतील, तर प्रकल्पाला या नोंदणीतून सूट आहे.

ही माहिती एकदा पाहून सोडू नये. तीन महिन्यांच्या अंतराने दोनदा टिपून ठेवावी. समजा, १८० सदनिकांच्या प्रकल्पात मागच्या तिमाहीला ९० आणि आता ९६ नोंदवल्या आहेत. तिमाहीला सहा या वेगाने उरलेल्या ८४ विकायला १४ तिमाही, म्हणजे साडेतीन वर्षे लागतील. असा विकासक तोंडाने काहीही म्हणो, तो सवलत देण्याच्या स्थितीत आहे. ती सवलत दर कमी करून सहसा मिळत नाही, कारण आधीचे ग्राहक भांडायला येतात. ती मुद्रांक शुल्क, पार्किंग किंवा स्वयंपाकघराचे काम अशा रूपात मिळते. मागायचीच असेल तर करारात लिहिलेल्या किमतीत मागावी, म्हणजे मुद्रांक शुल्क आणि जीएसटी दोन्ही त्या प्रमाणात उतरते.

‘आता २० टक्के, बाकी ताबा मिळाल्यावर’ अशा योजनांबाबत अधिक सावध राहावे. त्यांत बहुधा बँक तुमच्या नावावरचे कर्ज विकासकाला आगाऊ देते आणि व्याज काही काळ तो भरतो. तो भरायचा थांबला तर कर्ज मात्र तुमचे राहते. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये बांधकामाच्या टप्प्यांशी निगडित कर्जवाटपाचा आग्रह धरला आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय आवास बँकेने गृहवित्त कंपन्यांना अशी कर्जे देण्यापासून परावृत्त केले. नोएडात आम्रपाली या विकासकाच्या हजारो ग्राहकांचे पैसे अडकले आणि जुलै २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अर्धवट इमारती पुऱ्या करण्याचे काम एनबीसीसी या सरकारी बांधकाम कंपनीकडे सोपवावे लागले. स्वस्त भावाने सुरू झालेला प्रकल्प पूर्ण होईलच असे नाही. नोंदणीकृत करारनाम्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम विकासकाला मागता येत नाही, हे कायद्याचे संरक्षण तेवढ्यासाठीच आहे.

खिशातून किती जाईल

जाहिरातीतली किंमत आणि प्रत्यक्ष खर्च यांतले अंतर कर्जाच्या नियमांमुळे वाढते. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांना ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के अशी मर्यादा आहे, आणि त्या किमतीत सहसा मुद्रांक शुल्क व नोंदणी फी धरत नाहीत. पुण्यात ८० लाखांचा बांधकाम चालू असलेला फ्लॅट घ्यायचा तर कर्ज जास्तीत जास्त ६४ लाख मिळेल. स्वतःचे १६ लाख, ७ टक्क्यांनी मुद्रांक शुल्क ५.६० लाख, नोंदणी ३०,००० आणि ५ टक्के जीएसटी ४ लाख, म्हणजे २५.९० लाख हाताशी हवेत. घर एकट्या स्त्रीच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरण्यास योग्य असल्याचा दाखला) मिळालेल्या किंवा पुनर्विक्रीच्या घराला जीएसटी नाही. ४५ लाखांपर्यंतच्या परवडणाऱ्या घराला क्षेत्रफळाची अट पाळून तो १ टक्काच आहे.

वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत असलेल्या आणि देशात कुठेही पक्के घर नसलेल्या कुटुंबाने प्रधानमंत्री आवास योजना-शहरी २.० मधली व्याज सवलत तपासावी. ३५ लाखांपर्यंतच्या घरासाठी २५ लाखांपर्यंतच्या कर्जातल्या पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के सवलत आहे आणि ती पाच वार्षिक हप्त्यांत जास्तीत जास्त १.८० लाख मिळते.

विकणाऱ्याने काय पाहावे

घर विकणाऱ्याचा खरा स्पर्धक शेजारचा फ्लॅट नसून कोपऱ्यावर उभा राहत असलेला नवा टॉवर असतो. त्याच्याशी तुलना करताना ग्राहकाच्या जागी बसून हिशोब करावा. नवा फ्लॅट एक कोटीचा असेल, तर त्यावर ५ लाख जीएसटी आणि ताबा मिळेपर्यंत तीन वर्षे २५,००० रुपये भाडे धरले तर ९ लाख, म्हणजे ग्राहकाला तो १ कोटी १४ लाखांना पडतो. तुमच्या तयार घराला यातला काही फायदा मागता येतो, पण इमारतीचे वय, लिफ्ट, पाणी, पार्किंग यांची वजावट करून. नव्या टॉवरचा दर जशाच्या तसा जुन्या घराला लावणारी माणसे वर्ष-वर्ष वाट पाहत बसतात, आणि तोवर दलालांच्या यादीत ते घर ‘जुने पडलेले’ म्हणून ओळखले जाऊ लागते. पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत बघायला माणसे आली पण कोणीच आकडा बोलले नाही, तर भाव चढा आहे. बघायलाही कोणी आले नाही, तर भाव फारच चढा आहे.

कागद आधी जमवावेत: आधीच्या सर्व करारनाम्यांची साखळी मुद्रांक शुल्क भरल्याच्या पावत्यांसह, सोसायटीचे भाग प्रमाणपत्र (शेअर सर्टिफिकेट), थकबाकी नसल्याचा दाखला, मालमत्ता कराची पावती, भोगवटा प्रमाणपत्र. सोसायटीच्या नावावर जमीन झाली आहे का, म्हणजे अभिहस्तांतरण किंवा (विकासकाने टाळल्यास सरकारी आदेशाने होणारे) मानीव अभिहस्तांतरण झाले आहे का, हे जाणता ग्राहक विचारतोच, कारण त्याशिवाय पुनर्विकास अडतो. महापालिका क्षेत्रातल्या गृहनिर्माण सोसायटीला हस्तांतरणाचे अधिमूल्य (ट्रान्सफर प्रीमियम) कमाल २५,००० रुपयेच घेता येते. ‘इमारत निधी’ म्हणून त्याहून जास्त मागणी झाली तर नियम दाखवावा.

विक्रीचा कर हा भाव ठरवण्याआधी काढायचा आकडा आहे. २४ महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या घराच्या नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून १२.५ टक्के कर आहे, महागाई निर्देशांकाचा लाभ, म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरण्याची सोय, नाही. पण त्या तारखेआधी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला जुन्या रीतीने, निर्देशांकासह २० टक्के, हिशोब करून जो कर कमी तोच भरता येतो. २०१०-११ मध्ये ४० लाखांना घेतलेले घर २०२५-२६ मध्ये एक कोटीला विकले, तर नव्या रीतीने ६० लाखांवर ७.५० लाख कर होतो. जुन्या रीतीने १६७ आणि ३७६ हे निर्देशांक लावून खरेदी किंमत सुमारे ९०.०६ लाख धरली जाते, नफा ९.९४ लाख आणि कर सुमारे दोन लाख. भाव संथ वाढलेल्या भागात जुनी रीत आणि झपाट्याने वाढलेल्या भागात नवी रीत सहसा फायद्याची ठरते. विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा दोन वर्षांनंतरपर्यंत दुसरे घर घेतले, किंवा तीन वर्षांत बांधले, तर नफ्याला सूट मिळते.

परदेशी स्थायिक झालेल्या विक्रेत्याची बाब वेगळी आहे. निवासी विक्रेत्याच्या ५० लाख किंवा त्यावरच्या व्यवहारात ग्राहक १ टक्का कर कापतो. अनिवासी विक्रेत्याकडून मात्र कितीतरी जास्त दराने आणि सहसा पूर्ण किमतीवर कापावा लागतो. प्राप्तिकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला ग्राहक शोधण्यापूर्वीच मागावा; तो यायला वेळ लागतो.

जो विकतो तोच घेतो

बहुतेक घर विकणारे लोक दुसरे घर घेण्यासाठीच विकतात, आणि त्यांच्यासाठी बाजार तेजीत आहे की मंदीत हा प्रश्नच अर्धवट आहे. ८० लाखांचे घर विकून १.४० कोटीचे घ्यायचे तर ६० लाख वर घालावे लागतात. दोन्हींचे भाव १० टक्क्यांनी उतरले तर ७२ लाख आणि १.२६ कोटी, म्हणजे अंतर ५४ लाखांवर येते. ‘मला माझ्या घराचे आठ लाख कमी आले’ म्हणून हळहळणाऱ्याने दुसऱ्या बाजूला चौदा लाख वाचवलेले असतात. लहान घरातून मोठ्यात जाणाऱ्याला मंदा बाजार बरा. निवृत्तीनंतर दादरचे घर विकून नाशिक किंवा रत्नागिरीला जाणाऱ्याला मात्र तेजी बरी, आणि त्याने ती ओसरण्याची वाट पाहू नये.

या दुहेरी व्यवहारात क्रम महत्त्वाचा. संथ बाजारात आधी विकावे आणि करारात ताबा देण्याची मुदत दोन-तीन महिने लांबवून घ्यावी. तेजीत आधी घेण्याचा मोह होतो, पण जुने घर विकले गेले नाही तर दोन हप्ते अंगावर येतात.

वेळ निवडायची असेल तर सरकारी तारखांकडे लक्ष ठेवावे. रेडी रेकनरचे दर १ एप्रिलला बदलतात. २०२३ आणि २०२४ मध्ये ते वाढवले नव्हते, १ एप्रिल २०२५ पासून वाढवले. वाढीची कुणकुण लागली की मार्चमध्ये नोंदणी कार्यालयांत गर्दी उसळते. १ सप्टेंबर २०२० पासून महाराष्ट्राने मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी आणि जानेवारी ते मार्च २०२१ मध्ये दोन टक्क्यांनी कमी केले, तेव्हाही असेच झाले. शुल्क डिसेंबरमध्ये भरून दस्त पुढच्या चार महिन्यांत नोंदवता येत असल्याने जाणत्यांनी सवलतही घेतली आणि गर्दीही टाळली. सणांच्या जाहिराती गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया आणि दसऱ्याला येतात, पण घासाघीस करायला पितृपक्षाचा पंधरवडा बरा, कारण त्या दिवसांत विक्री कार्यालये रिकामी असतात.

विक्रेत्याच्या घरावर कर्ज चालू असेल, तर ग्राहकाने पहिला मोठा हप्ता त्याच्या कर्जखात्यातच भरावा आणि बँकेचे थकबाकीपत्र आधी हातात घ्यावे. कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागदपत्रे परत करणे आणि बोजा उतरवणे बँकांना बंधनकारक आहे. १ डिसेंबर २०२३ पासून बँकेच्या दोषाने उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. ही कागदपत्रे हाती आल्यावरच अंतिम रक्कम द्यावी, कापलेला १ टक्का कर पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत सरकारकडे भरून विक्रेत्याला प्रमाणपत्र द्यावे, आणि नोंदणीनंतर इंडेक्स टूची प्रत घेऊन सोसायटीकडे भाग प्रमाणपत्रावर नाव चढवण्याचा अर्ज त्याच आठवड्यात द्यावा.